गाडीखालचा पुठ्ठा

आमच्या गाडीखाली एक पुठ्ठा असे. असे म्हणजे चांगली अकरा-बारा वर्षं होता. पहिला पुठ्ठा टीव्हीच्या खोक्याचा, दुसरा वॉशिंग मशिनच्या खोक्याचा, आणि पुढचे सगळे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून मागून आणलेल्या बिस्किटांच्या खोक्यांचे. गाडी बाहेर काढली की पुठ्ठा उघडा पडायचा आणि त्याच्या मधोमध काळा तुकतुकीत डाग दिसायचा. पुठ्ठा पुरता भिजला की मी तो घडी करून कचऱ्यात टाकायचो आणि नवा अंथरायचो. आमच्या घरात ह्याला ‘गाडीचं अंथरूण बदलणं’ असं नाव पडलं होतं. कुणी विचारलंच तर, ‘‘जुनी गाडी आहे, थोडं ऑइल टाकते,’’ असं मी सांगे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या सर्दीबद्दल बोलावं, त्या सुरात.

२०२२ च्या जुलैमध्ये पाऊस लागून राहिला होता. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे एकदा बसला की पाहुण्यासारखा हलत नाही. राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीचं पार्किंग तसं छताखाली आहे, पण उतारानं पाणी आत येतंच. त्या पाण्यावर माझा पुठ्ठा रात्रीतून तरंगत गेला आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन थांबला. त्याच्यामागून फरशीवर इंद्रधनुष्यी तवंगाचा एक पट्टा पसरला. सकाळी साडेसहाला आमच्याच जिन्यातल्या एक निवृत्त शिक्षिका दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरल्या. सगळी इमारत त्यांना ‘बाई’ म्हणते, मीही तेच म्हणतो. शेवटच्या पायरीवरून त्यांनी पाऊल टाकलं ते थेट त्या तवंगावर. पडताना त्यांनी उजवा हात टेकला. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा काय बोलावं ते सुचत नव्हतं. बँकेत पस्तीस-छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला अशा वेळी एकच भाषा येते, ती मी वापरली. म्हणालो, ‘‘बाई, दवाखान्याचा जो काही खर्च झाला असेल तो...’’ त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं. ‘‘पैशाचं राहू द्या. तेवढं गळायचं थांबवा,’’ एवढंच म्हणाल्या आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. त्यांच्या जागी मी असतो तर इतकं कमी बोललो नसतो.

तर ही गळती काय होती आणि ती थांबवायला काय करावं लागलं, ते सांगावं म्हणून हा लेख. तुमच्यापैकी ज्यांच्या गाडीखाली असा डाग असेल त्यांना त्याचा उपयोग होईल. बाकीच्यांनी माझी फजिती म्हणून वाचावा.

गाडी आहे प्रीमियर पद्मिनी, १९९२ सालची. अधिकाऱ्यांना सवलतीच्या दरानं मिळणारं वाहनकर्ज काढून घेतलेली. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, इंजिन पुढे आणि ओढणारी चाकं मागे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. त्या पद्मिनी टॅक्सीतली शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला. माझी अजून आहे.

कुठल्याही मोटारीच्या इंजिनाच्या पोटाखाली एक पसरट परात बोल्टांनी टांगलेली असते. पुस्तकात तिला ऑइल पॅन किंवा संप म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजात ती ‘चेंबर’. इंजिनाला लागणारं सगळं ऑइल, माझ्या गाडीत तीन-साडेतीन लिटर, ह्या चेंबरमध्ये साठतं. तिथून पंप ते जाळीतून ओढतो आणि वर फिरणाऱ्या भागांना पाजतो. काम झालं की ते पुन्हा ओघळत खाली येतं. इंजिन बिडाचं आणि चेंबर पत्र्याचं. दोन धातू एकमेकांवर कितीही घट्ट दाबले तरी त्यांच्यामध्ये केसाएवढी फट राहतेच, म्हणून मध्ये काहीतरी मऊ घालतात. त्याला इंग्रजीत गॅस्केट म्हणतात, मिस्त्री ‘पॅकिंग’ म्हणतात. माझ्या गाडीतलं पॅकिंग होतं कॉर्कचं, म्हणजे बुचाचं.

हे सगळं मला आज ठाऊक आहे. माझ्या एका कादंबरीत एक गॅरेजवाला आहे. तो दोन प्रकरणं गाडीखाली झोपून असतो आणि मी त्याला बेलाशक ‘पॅकिंग बदलायला’ लावलं आहे. पॅकिंग दिसतं कसं हे लिहिताना मला माहीत नव्हतं. एकाही समीक्षकाच्या ते लक्षात आलं नाही, ह्यात समाधान मानावं की दुःख, हे मला ठरवता आलेलं नाही.

बाईंच्या घरून आलो त्या रात्री मी गाडीखाली पुठ्ठ्याऐवजी स्टीलचं ताट ठेवलं. सकाळी ताटातलं ऑइल खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजलं. बरोबर पाच मिलिलिटर. मग आकडेमोड केली. रोज पाच म्हणजे वर्षाला अठराशे पंचवीस मिलिलिटर, पावणेदोन लिटरच्या वर. रस्त्यावर चालताना सांडतं ते वेगळं. म्हणजे दर दोन वर्षांनी माझ्या गाडीचं पोट एकदा पूर्ण रिकामं होत होतं. ते रिकामं झालं नाही, कारण मी अधूनमधून वरून अर्धा लिटर ओतत होतो. हे पावणेदोन लिटर कुठे जात होते? पार्किंगमधून गटारात, गटारातून नाल्यात, आणि आमच्या गावचे नाले शेवटी पंचगंगेलाच मिळतात. त्याच नदीच्या प्रदूषणावर मी एकदा दिवाळी अंकात लेख लिहिला होता. मानधनही घेतलं होतं.

आता माझा स्वतःचा गुन्हा सांगतो. दर दिवाळीला गाडी धुताना मी तिच्याखाली शिरायचो आणि चेंबरचे बोल्ट आवळायचो. गळतंय म्हणजे सैल आहे आणि सैल आहे म्हणजे आवळावं, असा सरळ हिशेब. गंमत म्हणजे महिना-पंधरा दिवस गळती कमी व्हायची, त्यामुळे माझा माझ्या औषधावर विश्वास बसला. एके वर्षी पाना हाताला पुरेना म्हणून त्याच्या शेपटीला लोखंडी पाइप लावला. तो पाइप पुढे भोवला.

बाईंच्या अपघातानंतरच्या आठवड्यात गाडी एका चकचकीत गॅरेजात नेली. नाव सांगत नाही. तिथल्या मुलानं खालून टॉर्च मारला, ‘‘चेंबर पॅकिंग गेलंय,’’ असं दोन मिनिटांत जाहीर केलं आणि संध्याकाळपर्यंत नवं बसवूनही दिलं. मी घरी येऊन पुठ्ठा फेकला. बारा दिवस फरशी कोरडी राहिली. तेराव्या दिवशी थेंब. पुन्हा नेली. ह्या वेळी त्यानं पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनची अख्खी नळी पिळली. ‘‘काका, आता इंजिन सुटेल, पण चेंबर सुटणार नाही,’’ म्हणाला. हे वाक्य मला तेव्हा आवडलं होतं.

ऑगस्टच्या शेवटी मुलगी आणि जावई आले होते, त्यांना घेऊन पन्हाळ्याला निघालो. कोल्हापूरपासून पन्हाळा वीसेक किलोमीटर, शेवटी चढण. त्या चढणीच्या एका वळणावर डॅशबोर्डवरचा ऑइलचा तांबडा दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लागला. ऑइल तर मी निघताना पाहिलं होतं, गेजवर बरोबर खुणेला होतं. गाडी कडेला घेतली. जावई विजेच्या गाडीत फिरणारा माणूस, त्याला हा दिवा कशाचा हेही ठाऊक नव्हतं. मुलगी मात्र म्हणाली, ‘‘बाबा, आता पुरे. ही भंगारात द्या.’’ तिचं म्हणणं अगदीच अवास्तव नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गाडीच्या नोंदणीचं पुन्हा नूतनीकरण करायचं होतं. पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीला त्याची फी पूर्वी सहाशे रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली होती. शिवाय पर्यावरण कर. तिची आई मागच्या सीटवर गप्प बसली होती. ही गाडी आल्यावर पहिल्यांदा ती आणि मी ह्याच वळणावर थांबून कणीस खाल्लं होतं. ते आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही. इंजिन निवल्यावर हळूहळू खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितल्यावरून उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री आणि वर्कशॉपांचं आमचं मोठं गाव आहे. तिथे एका बोळाच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये हे मिस्त्री. वय माझ्याएवढंच. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘‘साहेब, गळतंय कुठनं ते आधी बघू. ऑइल खाली दिसतंय म्हंजी खालनंच गळतंय असं न्हवं.’’

हे वाक्य त्या चकचकीत गॅरेजात कुणी म्हटलं नव्हतं. ऑइल वरून सुटतं, इंजिनाच्या अंगावरून ओघळतं, चालत्या गाडीच्या वाऱ्यानं मागे ढकललं जातं आणि सगळ्यात खालच्या कडेवरून टपकतं. ती कड असते चेंबरची. त्यामुळे टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं तरी दोष चेंबरवर. पेट्रोल पंपाच्या बुडाशी पाझरलं, ऑइल फिल्टर नीट बसला नाही, प्रेशर स्विच झिरपला, पुढचं टायमिंग कव्हरचं सील गेलं, तरी नाव चेंबरचं. कधी तर नुसत्या ड्रेन बोल्टाखालचा वीस रुपयांचा वॉशर बदलायचा असतो आणि गिऱ्हाईक अख्खं चेंबर उतरवून घेतं. सगळ्यात महाग गळती मागच्या बाजूची. तिथलं क्रँकचं ऑइल सील गेलं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि ते ऑइल क्लचवर गेलं तर क्लच घसरायला लागतो.

मिस्त्रींनी इंजिनाचा खालचा भाग रॉकेल आणि ब्रशनं लख्ख धुतला, हवेच्या नळीनं कोरडा केला. मग शेडच्या कोपऱ्यातल्या आरशाखालून तोंडाला लावायच्या पावडरचा डबा आणला आणि इंजिनाच्या अंगावर, चेंबरच्या कडेनं, ती भुरभुरवली. मी बघतच राहिलो. इंजिन वीसेक मिनिटं चालू ठेवलं. नंतर ते खड्ड्यात उतरले आणि मलाही उतरवलं. पांढऱ्या पावडरीवर ओल्या रेघा स्पष्ट उमटल्या होत्या. वरचं टॅपेट कव्हर कोरडं, पेट्रोल पंप कोरडा, मागची बेल हाउसिंगची भोकं कोरडी. रेघा सुरू होत होत्या त्या चेंबरच्या कडेपासूनच, आणि एका जागेवरून नाही, दोन्ही बाजूंनी पाच-सहा ठिकाणांहून.

‘‘म्हणजे चेंबरच,’’ मी म्हणालो.

‘‘चेंबरच. पण का?’’

आणि इथून पुढे माझी खरी शाळा सुरू झाली. मिस्त्री म्हणाले, उभ्या गाडीत ऑइल पॅकिंगच्या खालच्या पातळीला असतं, ते आपण होऊन वर चढून बाहेर येत नाही. इंजिन चालू असताना ते आत उडतं, भिंतींवरून ओघळतं, तेव्हा कडेला लागतं. आणि आतून त्याला कुणी ढकलत असेल तर फटीतून बाहेर पडतं. ढकलणारं कोण? तर हवा. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा वायू त्यांच्या कडेनं खाली चेंबरमध्ये उतरतोच. त्याला बाहेर जायला एक वाट ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. आमच्या गाडीत तिथून एक रबरी नळी एअर क्लीनरकडे जाते. ती वाट बंद झाली की इंजिनाच्या पोटात वायू कोंडतो आणि जिथे दुबळी जागा मिळेल तिथून ऑइल बाहेर काढतो. त्यांनी चालू इंजिनावरचं ऑइल भरायचं झाकण सैल केलं. झाकण चहाच्या भांड्यावरच्या झाकणासारखं थडथड नाचायला लागलं. मग ब्रीदरची नळी उपसली आणि माझ्यासमोर वाकवली. तिच्यातून पिठल्यासारखा घट्ट, काळपट-पिवळा चिखल निघाला.

‘‘गाडी लांब जात न्हाई न्हवं आता?’’ त्यांनी विचारलं.

जात नव्हतीच. २०१८ साली निवृत्त झालो. त्याआधी रोज शाखेत जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर व्हायचे. निवृत्तीनंतर भाजी मंडई, वाचनालय, रंकाळा. इंजिन पुरतं तापायच्या आत गाडी परत घरी. २०२० च्या टाळेबंदीत तर ती महिनोन्‌महिने जागची हलली नाही. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ तयार होते, थोडी चेंबरमध्येही उतरते. इंजिन चांगलं तापलं तर ती उडून जाते. थंडच राहिलं तर तिचं पाणी होतं आणि ऑइलमध्ये कालवून असा चिखल बनतो. म्हणजे मी गाडी जपून वापरत होतो आणि त्या जपण्यानंच तिचा श्वास कोंडला होता. मिस्त्रींनी गेज लावून चारही सिलिंडरचं कंप्रेशन पाहिलं, ते जवळजवळ सारखं आलं. रिंगा ठीक होत्या. त्या गेल्या असत्या तर नुसतं पॅकिंग कितीही बदललं तरी फुकट, असं ते म्हणाले.

चेंबर उतरवायला निम्मा दिवस गेला, कारण त्या सिलिकॉननं आपला शब्द पाळला होता. शेवटी पातळ पात्याची सुरी फटीतून फिरवून फिरवून ते सुटलं. ते उलटं केल्यावर मिस्त्रींनी मला बोट दाखवलं. पंपाच्या तोंडाशी असते त्या जाळीला सिलिकॉनचे गांडुळासारखे तीन-चार तुकडे चिकटलेले. पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना जास्तीचा लावलेला तो मसाला दाबल्यावर जसा बाहेर आला, तसाच आतही गेला होता. बाहेरचा पुसून टाकता येतो, आतला तुटून ऑइलमध्ये पडतो. पन्हाळ्याच्या चढावर दिवा लुकलुकला तो ह्यामुळे. ऑइल होतं, पण पंपाला ते ओढता येत नव्हतं. तसंच दामटून वर गेलो असतो तर बेअरिंगं जाम झाली असती आणि मुलगी म्हणाली तो भंगारचा रस्ता आपोआप धरला असता.

मग चेंबरच्या कडेवर त्यांनी अंगठा फिरवला. ‘‘ह्ये कुणी आवळलंय? पान्याला पाइप लावून आवळल्यागत दिसतंय.’’

मी कबूल केलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. प्रत्येक बोल्टाच्या भोकाभोवती पत्रा वाटीसारखा खोल दबला होता, आणि दोन भोकांच्या मधली कड त्यामुळे उचलली गेली होती. म्हणजे बोल्टापाशी पॅकिंग चिरडून मेलेलं आणि मधल्या जागेत त्याच्यावर दाबच नाही. तिथूनच ते पाच-सहा ओघळ. दर दिवाळीला मी गळतीवर इलाज म्हणून जे करत होतो त्यानं पुढच्या दिवाळीची गळती तयार होत होती.

दुरुस्ती मिस्त्रींनी कशी केली ते जरा सविस्तर सांगतो, कारण ती पाहायला मिळणं आता दुर्मिळ आहे. चेंबरची कड ऐरणीवर उलटी धरून हलक्या हातोडीनं एकेक भोक त्यांनी सपाट केलं. सपाट झालं की नाही हे पाहायला जाड काचेचा एक तुकडा होता. त्यावर चेंबर पालथं घालायचं आणि कडेखालून सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद सरकतो का पाहायचं. जिथे सरकला तिथे पुन्हा ठोका. ह्यात दोन तास गेले. नंतर इंजिनाची खालची कड खरवडून, पेट्रोलच्या फडक्यानं पुसून, अगदी चहाची कपबशी ठेवावी इतकी स्वच्छ केली. बोल्टही कोरडे केले. ‘‘तेलकट जागंवर काय बी चिकटत न्हाई,’’ म्हणाले.

नवं पॅकिंग शाहूपुरीतल्या दुकानातून मी आणलं होतं, दोनशेच्या आत मिळालं. किती वर्षं दुकानात पडून होतं देव जाणे. ते चेंबरवर ठेवलं तर शेवटची भोकं चार-पाच मिलिमीटर आधीच संपत होती. मला वाटलं, चुकीचं आणलं. मिस्त्रींनी बादलीत कोमट पाणी घेतलं आणि त्यात पॅकिंग बुडवून ठेवलं. चहा पिऊन होईपर्यंत ते फुगून मऊ झालं होतं आणि भोकं बरोबर जुळत होती. कॉर्क वाळला की आक्रसतो, ओल मिळाली की पुन्हा ऐसपैस होतो. उभ्या राहिलेल्या गाडीची पॅकिंगं गळायला लागतात त्यातही हाच भाग असतो.

पाणी निथळवून, वाळवून, त्यांनी फक्त चेंबरच्या बाजूनं शेलॅकचा पातळ हात दिला. इंजिनाची बाजू कोरडी ठेवली, म्हणजे पुन्हा कधी उघडायचं झालं तर फाडावं लागणार नाही. सिलिकॉन लावलं ते फक्त चार कोपऱ्यांत, जिथे दोन पट्ट्या मिळतात, तेही तांदळाच्या दाण्याएवढं. बसवताना पॅकिंग सरकू नये म्हणून सहा भोकांतून साधा शिवणाचा दोरा ओवून ते चेंबरला बांधलं. सगळे बोल्ट आधी बोटांनी लावले. मग दहा नंबरचा आखूड पाना, आणि तोही शेपटीला न धरता डोक्याजवळ धरलेला, म्हणजे जोर लागूच नये. मधल्या बोल्टापासून सुरुवात, एकदा ह्या बाजूचा, एकदा त्या बाजूचा, असं टोकांकडे जायचं. अशा तीन फेऱ्या. टॉर्क रेंचनं मोजायचं झालं तर एवढ्याशा बोल्टाला एखादा किलोग्रॅम-मीटर पुष्कळ होतो. मी पाइप लावून किती दिला असेल, ते विचारू नका.

हे करताना मी काही प्रश्न विचारले. गळती बंद करणारी औषधं बाटलीत मिळतात, ती ऑइलमध्ये टाकली असती तर? ती रबराची सीलं थोडी फुगवतात, कॉर्कला त्यांचा फारसा उपयोग नाही. नव्या गाड्यांत काय असतं? पुष्कळ गाड्यांत कापलेलं पॅकिंगच नसतं. कारखान्यात यंत्रानं सारख्या जाडीची सिलिकॉनची रेघ ओढतात आणि चेंबर दाबून बसवतात. म्हणजे सिलिकॉन वाईट नाही, ते किती आणि कुठे लावलं हे महत्त्वाचं. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर दगड लागून ते चेमटत नाही, तडकतं. मग पॅकिंगला दोष देण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी त्यांनी गाडीत ऑइल भरू दिलं नाही. रात्रभर सुकू दे, म्हणाले. निघालेलं काळं ऑइल एका पिंपात ओतलं. गावाकडे जळकं ऑइल म्हणून ते लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, कुणी कुणी तर कुत्र्याच्या खरजेला लावतात, ते अगदी वाईट. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. मिस्त्रींकडे ते गोळा करणारा माणूस येतो.

बँकेत चार वर्षं मी तपासणी अधिकारी होतो. शाखेत गेलो की सर्वांत आधी सस्पेन्स खात्याचं रजिस्टर मागवायचो. ज्या नोंदीचा ठावठिकाणा लागत नाही ती तात्पुरती तिथे टाकायची, असा नियम. एका शाखेत तीन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या नोंदी निघाल्या. तिथले व्यवस्थापक भले गृहस्थ होते. म्हणाले, ‘‘साहेब, रक्कम किरकोळ आहे.’’ मी त्यांना दीड पानाचा शेरा लिहून दिला. ह्या सगळ्या वर्षांत माझ्या गाडीखाली पुठ्ठा होता, आणि दर रविवारी तो बदलताना ते गृहस्थ मला एकदाही आठवले नाहीत. ते आता हयात नाहीत, नाहीतर एक पत्र टाकलं असतं.

गाडी घरी आणल्यावर आठ दिवस मी तिच्याखाली पांढरा कागद अंथरला. कागद कोरडा राहिला. पाचशे किलोमीटर झाल्यावर मिस्त्रींनी बोल्टांवरून एकदा हलका हात फिरवला, कारण नवा कॉर्क थोडा बसतो. ‘‘आता तुम्ही पाना घरात ठेवूच नका,’’ म्हणाले. महिन्यातून एकदा तासभर लांब फिरवायची, एवढं एक पथ्य दिलं. नोव्हेंबरमध्ये नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी झाली.

बाईंचं प्लॅस्टर तोवर निघालं होतं. हाताचा व्यायाम म्हणून त्या रबरी चेंडू दाबत बसलेल्या असत. मी त्यांना सगळी दुरुस्ती सांगितली. खरं म्हणजे दोन मिनिटांत सांगून उठणार होतो, पण त्यांनीच एकेक गोष्ट खोदून विचारली. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. कॉर्कचं नाव निघताच त्या म्हणाल्या, ‘‘जुनं पॅकिंग टाकलंत का?’’ टाकलं नव्हतं, डिकीत होतं. मी खाली जाऊन ते कागदात गुंडाळून आणलं.

त्यांनी सांगितलं की रॉबर्ट हुकनं १६६५ मध्ये बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात दिसलेल्या कप्प्यांना ‘सेल’ हे नाव दिलं. आपण म्हणतो ती पेशी, ती तिथून आली. हे त्या दर वर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवत. मुलं विचारत, बाई, बुचाचं झाड म्हणजे आपल्या शाळेच्या मागचं का? आपल्याकडे बुचाचं झाड म्हणतात ते पांढऱ्या लांब देठाच्या सुवासिक फुलांचं, त्याचा ह्या बुचाशी संबंध नाही. खरा कॉर्क एका जातीच्या ओकची साल. सर्वांत जास्त पोर्तुगालमध्ये होतो. झाड वीस-पंचवीस वर्षांचं झाल्यावर पहिली साल काढतात आणि मग दर नऊ वर्षांनी एकदा. बंद हवेच्या त्या लाखो कप्प्यांमुळे कॉर्क दाबला तरी आडवा पसरत नाही, आपल्या जागीच दबतो आणि सोडला की वर येतो, म्हणून तो दोन धातूंच्या मध्ये घालायला चांगला. मिस्त्रींनी जे हातानं दाखवलं होतं त्याचं कारण मला बाईंकडून कळलं.

इतकी वर्षं शिकवलं, पण कॉर्कचा असा तुकडा भिंग लावून स्वतः कधी पाहिला नव्हता, असं म्हणत त्यांनी नातवाचं भिंग मागवलं. तेलानं काळं झालेलं ते पॅकिंग डाव्या हातात धरून त्या बराच वेळ पाहत होत्या. उजवं मनगट अजून पुरतं वळत नव्हतं. काही दिसलं का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘सगळं चिरडून गेलंय हो.’’ त्यातला एक तुकडा त्यांनी ठेवून घेतला.

पार्किंगमधला डाग मी लाकडाचा भुसा टाकून, मग सोडा आणि गरम पाण्यानं तीन-चार रविवार घासला. बराचसा गेला, पण काँक्रीट तेल पितं, त्यामुळे थोडा राहिलाच. बाई सकाळी दुधाला उतरतात तेव्हा अजूनही शेवटच्या पायरीवर थांबतात, कठडा धरतात आणि माझ्या गाडीच्या पलीकडच्या बाजूनं वळसा घालून जातात.